क्रूझ कंट्रोल चालता चालता आपोआप सुटते: क्लॉक स्प्रिंग बदलण्याआधी काय तपासावे?

विश्वामित्रीकाठ, बडोदा

सर्वांना नमस्कार. माझ्या गाडीच्या क्रूझ कंट्रोलमधला (ठरवून दिलेला वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेतला) विद्युत दोष काही केल्या सापडत नाही आणि सर्व्हिस सेंटरने सुचवलेला उपाय बराच खर्चाचा आहे, म्हणून तो करण्यापूर्वी येथील जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटले. गाडी पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची सेडान आहे. क्रूझ कंट्रोल कारखान्यातूनच आलेले आहे, बाहेरून बसवून घेतलेले नाही. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला केबल नाही.

कामानिमित्त बडोदा–अहमदाबाद द्रुतगती मार्गावरून माझे नेहमी जाणे-येणे असते. ताशी ९० किलोमीटरला क्रूझ लावले की काही वेळ ते व्यवस्थित चालते आणि मग ब्रेकला किंवा क्लचला पाय लागलेला नसतानाही एकाएकी सुटते. मीटरवरचा ‘सेट’चा दिवा विझतो, पण क्रूझचा मुख्य दिवा तसाच पेटलेला राहतो. ‘रिझ्यूम’चे बटण दाबले की बहुतेक वेळा गाडी पुन्हा तोच वेग पकडते, कधी मात्र वारंवार दाबूनही काही होत नाही आणि थोड्या वेळाने आपोआप सगळे पूर्ववत चालू लागते. पुलांच्या सांध्यांवरून गाडी जाते तेव्हा हे जास्त घडते अशी माझी शंका आहे, तथापि नडियादच्या पुढे अगदी सपाट रस्त्यावरही ते घडलेले आहे. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, एबीएसचाही लागत नाही आणि स्कॅनर लावला असता दोषाचा एकही कोड मिळाला नाही.

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा गाडी त्यातल्या त्यात उंचावर उभी होती, तरीही पाणी दारांच्या खालच्या कडेपर्यंत येऊन आतले कार्पेट भिजले. सीटपर्यंत पाणी पोहोचले नाही आणि कार्पेट काढून, वाळवून परत बसवले होते. दुसरे असे की त्यानंतर काही महिन्यांनी मी मागचे ब्रेक लाइटचे बल्ब काढून त्या जागी बाजारातले एलईडी बल्ब बसवले. मधल्या काळात गाडी शहरातल्या शहरातच फिरत असल्यामुळे क्रूझ लावण्याचा प्रसंग आला नाही, त्यामुळे ही तक्रार पुरानंतरची की एलईडीनंतरची हे मला ठरवता येत नाही.

स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरत असतानाही त्यावरच्या बटणांची वीजजोडणी कायम ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) आणि स्टिअरिंगवरचा बटणांचा संच, दोन्ही एकदम बदलावे असे सर्व्हिस सेंटरचे म्हणणे आहे. हॉर्न आणि ऑडिओची बटणे मात्र उत्तम चालतात. माझ्याकडे एक बरा डिजिटल मल्टिमीटर आणि ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या निदान-सॉकेटला लावून माहिती फोनवर दाखवणारा) आहे. पैसे खर्च करण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासावे?

मकरपुऱ्याचा फिटर

अर्धे निदान तुमच्या वर्णनातच आहे. मुख्य दिवा पेटलेला राहतो आणि ‘रिझ्यूम’ दाबल्यावर जुनाच वेग परत येतो, याचा अर्थ ठरवून दिलेला वेग इंजिनच्या ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) स्मृतीत कायम आहे. ईसीयूचा पुरवठा तुटला असता किंवा मुख्य स्विच बंद झाल्याचा संकेत त्याच्याकडे गेला असता, तर तो वेग पुसला गेला असता. म्हणजे यंत्रणा बिघडून बंद पडत नाही. तिला कोणीतरी ‘सोड’ असे सांगते आणि ती निमूटपणे ऐकते. असे सांगू शकणारे मोजकेच आहेत: ब्रेकचा स्विच, क्लचचा स्विच, ‘कॅन्सल’चे बटण आणि वेगाचा संकेत. वेगाचा संकेत तुटला असता तर बहुतेक गाड्यांत स्पीडोमीटरचा काटाही थरथरला असता, एबीएसचा दिवा लागला असता किंवा पी ०५०० सारखा कोड नोंदला गेला असता; तेव्हा तो तूर्त बाजूला ठेवू.

सर्वांत आधी ब्रेकचा स्विच पाहावा. पेडलच्या वर, स्टिअरिंगखाली तो असतो आणि क्रूझ असलेल्या गाडीत त्याला सहसा चार तारा असतात, कारण त्यात दोन स्वतंत्र कॉन्टॅक्ट असतात. पहिला पेडल मोकळे असताना उघडा असतो आणि दाबल्यावर जुळून ब्रेक लाइट लावतो. दुसरा याच्या नेमका उलट, म्हणजे पेडल मोकळे असताना जुळलेला असतो आणि दाबले की तुटतो. या दुसऱ्या कॉन्टॅक्टमधून ईसीयूकडे जाणारा पुरवठा पापणी लवेपर्यंत जरी तुटला, तरी ईसीयू ब्रेक दाबला असे समजून क्रूझ सोडून देतो. सुरक्षिततेसाठी रचनाच तशी केलेली आहे: तार तुटली तर क्रूझ बंद पडावे, चालू राहू नये. ब्रेक लाइट व्यवस्थित लागतात म्हणून स्विच चांगला आहे असे गॅरेजमध्ये सर्रास सांगितले जाते, पण त्यावरून केवळ पहिला कॉन्टॅक्ट चांगला आहे एवढेच सिद्ध होते.

कोड का आला नाही, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. दोन कॉन्टॅक्टचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत ही स्थिती काही काळ टिकली, किंवा पुन्हा पुन्हा दिसली, तरच पी ०५०४ किंवा पी ०५७१ यांसारखा कोड नोंदला जातो. क्रूझ सोडून द्यायला क्षणभराची तूट पुरते, कोड नोंदायला पुरत नाही. क्लचच्या स्विचचेही तेच. त्याचा कोड बहुधा पी ०७०४ असतो. क्लचचे पेडल पूर्ण वर येते ना आणि स्विचचा दांडा पूर्ण दाबला जातो ना, हे एकदा खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहून घ्या. ब्रेकच्या पेडलवर स्विच जिथे टेकतो तिथे रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टोपी असते. ती उष्णतेने ठिसूळ होऊन झिजते आणि मग खड्ड्यात पेडल किंचित हलले तरी स्विच हालतो.

पण पाने-पेचकस हाती घेण्याआधी लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना ईसीयूला दिसणारे संकेत, पाहा. ओबीडीच्या सर्वसामान्य, सर्व गाड्यांना समान असलेल्या माहितीत हे स्विच बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे फोनमधले साधे अ‍ॅप कदाचित उपयोगी पडणार नाही. तुमच्या गाडीच्या कंपनीचा डेटा वाचणारा स्कॅनर एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून घ्यावा. त्यात ब्रेक स्विच १, ब्रेक स्विच २, क्लच स्विच आणि क्रूझची बटणे एवढेच निवडावे. सगळी यादी चालू ठेवली तर प्रत्येक आकडा फार सावकाश बदलतो आणि क्षणिक तूट नेमकी दोन नोंदींच्या मध्ये हरवते. गाडी तुम्ही चालवा, स्कॅनर शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या आणि नोंद साठवून घ्या. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये हे सांगायला नको, तरी सांगतो.

सयाजीगंजवाले

फिटरसाहेबांच्या तर्काशी मी बराचसा सहमत आहे, मात्र स्टिअरिंगला इतक्या लवकर निर्दोष सोडता येणार नाही. स्टिअरिंगवरच्या क्रूझच्या बटणांना प्रत्येकी वेगळी तार नसते. ईसीयू एका तारेवर साधारण ५ व्होल्ट देतो आणि प्रत्येक बटण दाबले की वेगवेगळ्या किमतीचा रोध त्या तारेला जोडला जातो. तारेवरचे व्होल्टेज किती खाली आले यावरून कोणते बटण दाबले हे ईसीयू ओळखतो. आता बटणांच्या पट्टीवर ओल किंवा चहा-सरबताचा जुना थर असेल आणि त्यातून थोडा प्रवाह झिरपत असेल, तर व्होल्टेज नेमके ‘कॅन्सल’च्या पट्ट्यात जाऊन बसू शकते. ईसीयूच्या दृष्टीने ते वैध बटण असते, त्यामुळे कोडही नोंदला जात नाही. त्या पट्ट्यांच्या बाहेरचे, कुठल्याच बटणाशी न जुळणारे व्होल्टेज आले तर मात्र पी ०५६४ सारखा कोड येण्याची शक्यता असते. लाइव्ह डेटात ‘कॅन्सल’ची ओळ पाहणे म्हणून तितकेच महत्त्वाचे आहे.

हॉर्न वाजतो म्हणून क्लॉक स्प्रिंग चांगली, असे मानू नका. तिच्या आतल्या चपट्या पट्टीत हॉर्न, एअरबॅग, ऑडिओ आणि क्रूझ यांच्या वाहिन्या वेगळ्या असू शकतात आणि त्यांतली एकच तुटणे अगदी शक्य आहे. तरीही तुमच्या तक्रारीत क्लॉक स्प्रिंग मला दुय्यम वाटते, कारण ती सहसा स्टिअरिंग फिरवताना त्रास देते आणि तुमची तक्रार सरळ रस्त्यावर जास्त आहे. शिवाय क्रूझची वाहिनी तुटली तर ‘सेट’ आणि ‘रिझ्यूम’ चालणार नाहीत, पण आधीच लागलेले क्रूझ त्यामुळे सुटायलाच हवे असे नाही. तुमचे ‘रिझ्यूम’ कधीकधी लागत नाही, एवढाच धागा तिच्याकडे जातो. आणि तोही ब्रेकचा संकेत त्या क्षणी तुटलेलाच असल्यामुळे घडत असण्याचा संभव आहे.

ती तपासायची झाल्यास स्टिअरिंग उघडण्याची गरज नाही. स्टिअरिंग कॉलमचे खालचे प्लास्टिकचे आवरण काढले की क्लॉक स्प्रिंगचा खालचा कनेक्टर हाती लागतो. बॅटरीची ऋण तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, तेथून बटणांच्या तारेचा रोध मोजावा. एक बटण दाबून धरून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. आकडा स्थिर राहिला तर पट्टी शाबूत आहे. मल्टिमीटरचे टोक पिवळ्या कनेक्टरला कोणत्याही परिस्थितीत लावू नये, कारण तो एअरबॅगचा असतो आणि रोध मोजताना मीटर स्वतःच प्रवाह सोडतो. सर्व्हिस सेंटरला त्यांनी ही मोजणी केली होती का, हे जरूर विचारा. केली असेल तर आकडे सांगतील; नसेल तर त्यांचा सल्ला अंदाजाचा आहे आणि अंदाजाची किंमत तुम्ही का द्यायची?

दांडिया बझारकर

एलईडीबद्दल अजून कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत क्रूझचे वेगळे मॉड्यूल असे आणि ते ब्रेक लाइटच्या तारेवर, बल्बच्या तंतूमधून, ग्राउंड सापडते का हे तपासत असे. थंड तंतूचा रोध अगदी थोडा असतो, त्यामुळे ती परीक्षा सहज पार पडे; एलईडी बसवल्यावर तो मार्ग बंद होतो आणि क्रूझ लागतच नाही. तुमचे क्रूझ लागते आणि नंतर सुटते, तेव्हा हे कारण जुळत नाही. मात्र नव्या गाड्यांत काही ठिकाणी बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा वेगळा संगणक) दिव्यांचा प्रवाह पाहते आणि निकृष्ट एलईडीच्या आतले सर्किट त्या तारेवर विचित्र व्होल्टेज परत पाठवते. खात्री करणे फार स्वस्त आहे: मूळचे २१ वॉटचे साधे बल्ब दोन्हीकडे परत लावून एक फेरी मारा. इतक्या सोप्या चाचणीसाठी तर्क लढवत बसण्यात अर्थ नाही.

माझा खरा संशय मात्र पुराच्या पाण्यावर आहे. पाणी सीटपर्यंत आले नाही म्हणून गाडी वाचली असे आपण समजतो, पण वायरिंगचे जाड गठ्ठे दाराच्या उंबऱ्यालगत, कार्पेटखालूनच जातात आणि त्यांचे कनेक्टर व ग्राउंडचे बोल्ट पुष्कळदा डॅशबोर्डखालच्या बाजूच्या पॅनेलमागे, पावलांच्या उंचीवर असतात. कार्पेट वाळवले तरी कनेक्टरच्या आत राहिलेले पाणी तांब्याला हळूहळू खाते. महिनोन्‌महिने काही जाणवत नाही आणि मग पिनेवर हिरवट थर साचून कॉन्टॅक्ट अधूनमधून तुटू लागतो. त्या पुरानंतर बडोद्यात अशा तक्रारी किती निघाल्या, हे आमच्या बाजारातला कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल.

अशा जागा शोधताना केवळ मीटरच्या कंटिन्युइटीच्या (तार जुळलेली असल्याचे सांगणाऱ्या) आवाजावर विसंबू नये. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर शून्याजवळचा रोध दाखवून समाधानाने वाजतो, पण खरा प्रवाह गेला की तीच तार उघडी पडते. ग्राउंडसाठी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि पंखा लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि ईसीयूची ग्राउंड पिन यांच्यामध्ये व्होल्टेज मोजावे. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ग्राउंड चांगले. अर्धा व्होल्ट दिसला तर तो बोल्ट उघडून घासावाच लागेल. ब्रेक स्विचकडून ईसीयूकडे जाणाऱ्या तारेत मात्र प्रवाह फारच थोडा असतो, त्यामुळे तेथे असा फरक सहसा दिसत नाही. तेथे मीटर लावून ठेवून गठ्ठा हाताने वीत-वीत हलवत जावे आणि आकडा कुठे डळमळतो ते पाहावे. तंतूचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या तारांना लावू नये. तो खेचतो तो प्रवाह त्या सर्किटसाठी जास्त असतो.

विश्वामित्रीकाठ, बडोदा

आपण सर्वांनी इतकी सविस्तर उत्तरे दिलीत याबद्दल आभार. सांगितल्याप्रमाणे आधी साधे बल्ब परत लावले. फरक पडला नाही. त्यानंतर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनर घेतला आणि द्रुतगती मार्गावर मी गाडी चालवत असताना माझ्या भावाने नोंद घेतली. क्रूझ सुटले त्या प्रत्येक वेळी ‘ब्रेक स्विच २’ क्षणभर ‘दाबलेला’ असे दाखवून परत फिरला. ‘ब्रेक स्विच १’, क्लच आणि ‘कॅन्सल’ या तिन्ही ओळी जागच्या हलल्या नाहीत. ज्या वेळी ‘रिझ्यूम’ लागत नव्हते, त्या वेळी ‘ब्रेक स्विच २’ बराच वेळ ‘दाबलेला’ याच स्थितीत अडकलेला होता, म्हणजे सयाजीगंजवाल्यांनी वर्तवलेला संभव खरा निघाला.

यावरून स्विचच बदलून टाकावा असे मला वाटू लागले होते, परंतु इलेक्ट्रिशियनने आधी मोजणी करण्याचा आग्रह धरला. इंजिन चालू ठेवून त्याने स्विचच्या कनेक्टरमागून दुसऱ्या कॉन्टॅक्टच्या दोन्ही तारांवर मीटर लावला. मी चालकाच्या बाजूच्या पॅनेलमागचा गठ्ठा हलवला की ईसीयूकडे जाणाऱ्या तारेवरचे व्होल्टेज १४ वरून ६ च्या आसपास खाली येई. पण त्याच क्षणी स्विचमध्ये येणाऱ्या तारेवरचे व्होल्टेजही तितकेच खाली येत होते. म्हणजे स्विच मिळाले तेवढे इमानाने पुढे देत होता आणि खोट त्याच्याही आधी, फ्यूजपासून स्विचपर्यंतच्या तारेत होती. पॅनेल काढल्यावर उंबऱ्याजवळचा एक कनेक्टर सापडला. त्यातली नेमकी तीच पिन आणि तिच्या शेजारच्या दोन पिना हिरव्या पडलेल्या होत्या. ब्रेक लाइटच्या कॉन्टॅक्टला दुसऱ्या फ्यूजवरून वेगळा पुरवठा असल्यामुळे दिवे मात्र बिनतक्रार लागत होते.

त्याने ती पिन नर-मादी अशी दोन्ही बाजूंची बदलून नवी क्रिंप केली (तारेवर दाबून घट्ट बसवली). त्यानंतर अहमदाबादला जाऊन आलो. तो ९३ किलोमीटरचा मार्ग जाता-येता क्रूझ न सुटता पार पडला. शेजारच्या दोन पिना केवळ घासून साफ केल्या आहेत. त्या कशाच्या आहेत हे पाहिलेले नाही. तेवढे पुरेसे आहे का, की त्याही बदलाव्यात?

मकरपुऱ्याचा फिटर

बदलाव्यात. पिनेवर कथिलाचा पातळ मुलामा असतो. हिरवा थर घासून काढताना तो मुलामाही जातो आणि उघडे पडलेले पितळ पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा लवकर खराब होते. तारेचे इन्सुलेशनही टोकाकडून थोडे सोलून पाहा, कारण पाणी केशाकर्षणाने तारेच्या आत बरेच वर चढते आणि तांबे आतून काळे पडलेले असते. काळे निघाले तर चकचकीत तांबे लागेपर्यंत तार कापून नवा तुकडा जोडावा लागतो. काळ्या तांब्यावर केलेला क्रिंप वरून कितीही सुबक दिसला तरी टिकत नाही. त्या दोन तारा कशाच्या आहेत ते वायरिंगच्या नकाशात रंगावरून पाहता येईल; एबीएसच्या किंवा इंधन पंपाच्या निघाल्या तर हे काम आजच करावे.

दांडिया बझारकर

पॅनेल उघडलेलेच आहे तर चालकाच्या आणि शेजारच्या सीटखालीही पाहून घ्या. तेथे सीटबेल्टच्या बकलचे आणि गाडीत असतील तर बाजूच्या एअरबॅगचे कनेक्टर असतात, आणि ते जवळजवळ कार्पेटला टेकलेलेच असतात. पिवळे असतील त्यांना स्वतः हात लावू नका, नुसते पाहा आणि हिरवट थर दिसला तर बॅटरी काढून एअरबॅगचे काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. बाकीच्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, पूर्ण वाळू देऊन मगच जोडावे. ओल आत असताना वरून ग्रीस भरले तर ओल आतच कोंडली जाते. आणि कार्पेटखालचा जाड फोम हाताने दाबून पाहा. वरचे कार्पेट कोरडे दिसत असले तरी त्या फोममध्ये पाणी फार काळ राहते. तो अजून दमट असेल तर काढून उन्हात ठेवल्याशिवाय नव्या पिनाही टिकणार नाहीत.